गणात चर्चिल

गाणाऱ्याने काय गावं ते त्याने ठरवावं, ऐकणाऱ्याने तिकीट काढावं, गप उभं राहावं आणि घरी जावं, असं एक मत आहे. हे मत बहुतेक त्यांचं असतं ज्यांना सगळीकडे पुढची खुर्ची मिळत आलीय. मला ते मान्य नाही. मी आयर्न मेडन या इंग्लंडच्या हेवी मेटल बँडचा चाहता आहे. पस्तीस वर्षांच्या वर ऐकतोय. भक्त म्हणणार नाही, तो शब्द आपल्या तोंडात बसत नाही. चाहता आहे म्हणूनच त्यांच्या गाण्यांच्या यादीबद्दल मला बोलायचंय. त्या यादीला ते लोक सेटलिस्ट म्हणतात. कार्यक्रमात कुठली गाणी, कुठल्या क्रमाने, कुठलं पहिलं, कुठलं शेवटचं, कुठलं गाळायचं. कागदावर लिहून स्टेजवर प्रत्येकाच्या पायाशी चिकटवलेली असते.

यादी म्हटलं की आपल्या लोकांच्या पोटात गोळा येतो. शाळेतली यादी, नोकरभरतीची यादी, रेशनची यादी, झोपडी पात्र-अपात्रची यादी. माझा बाप पहिली काही वर्षं गिरणीत बदली कामगार होता. बदली म्हंजे काय ते ज्याने भोगलंय त्याला सांगायला नको. पहाटे गेटवर उभं राहायचं. आत कोणी खाडा केला तर जॉबर तुझ्याकडे बोट दाखवणार. नाही केला तर आल्या वाटेने घरी. तू काम करू शकतोस की नाही हा प्रश्नच नाही. जॉबरने बोट दाखवलं की तू कामगार, नाही दाखवलं की तू रस्त्यावरचा माणूस.

गाण्यांचंही तसंच असतं. मेडनची १७ आल्बम भरून गाणी आहेत. एका रात्री स्टेजवर चढतात पंधरा-सोळा. बाकीची गेटबाहेर. बँडचा संस्थापक स्टीव्ह हॅरिस, बेस गिटारवाला. १९७५ च्या नाताळात पूर्व लंडनमधल्या लेटनला त्याने बँड काढला आणि आजही तिथे शेवटचा शब्द त्याचा. म्हंजे जॉबर तोच.

आता कोणी म्हणेल, हे काय लावलंय? भीमगीतं सोडून हा गोऱ्यांचा धिंगाणा कशाला? बाबांनो, १९७२ साली मुंबईत पँथर निघाली तेव्हा ते नाव कुठून आलं? ओकलंडच्या काळ्या पोरांकडून. ज्याला ज्याची गरज असते तो ते उचलतो. आणि हे संगीत काही राणीच्या राजवाड्यात जन्माला आलेलं नाही. ज्यांच्यापासून हेवी मेटल सुरू झालं त्या ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतरा वर्षांचा असताना उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मशीनखाली गेली. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या आणि पुन्हा गिटार धरली. मशीनखाली बोट गेलेली माणसं आमच्या चाळीत प्रत्येक मजल्यावर होती.

मला मेडन मिळाला तो डबिंग केलेल्या कॅसेटमधून. कितव्या हातची कॉपी होती कोण जाणे. गाण्याच्या मागे दुसऱ्याच गाण्याची भुतं ऐकू यायची. कव्हर नाही, शब्द छापलेले नाहीत. मी म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेतला. दोस्त आणि मी दोघं टेपरेकॉर्डर पुढे-मागे करत, कानाला जे लागेल ते वहीत देवनागरीत लिहायचो आणि मग डिक्शनरी घेऊन बसायचो. बाप दुसऱ्या पाळीवरून आला की दारातच थांबायचा. म्हणायचा, "दिवसभर खात्यात हाच आवाज ऐकून आलो, आता घरात पण मशीन लावलंस व्हय?" पण बंद कर असं म्हणाला नाही कधी.

यादीबद्दल माझं मत मात्र मेडनमुळे बनलेलं नाही. ते चाळीच्या मैदानात बनलं. चौदा एप्रिलला कव्वालीचा मुकाबला व्हायचा. दोन पार्ट्या समोरासमोर. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांची गाणी ऐकत आमची पिढी वाढली. रात्री दोनला रंग चढायचा. मग खालून चिठ्ठ्या सुरू. चिठ्ठीत गाण्याचं नाव, सोबत नोट. निवेदक माइकवर वाचणार, अमुक चाळीच्या अमुक मंडळाकडून अकरा रुपये आणि फर्माईश. गायक ते गाणं घेणार. नेहमी घेईलच असं नाही. हार्मोनियमखाली सारलेल्या चिठ्ठ्याही मी पाहिल्यात. पण ऐकणाऱ्याला मागायचा हक्क होता, ती चिठ्ठी वर जायची, चारचौघांत वाचली जायची. अकरा रुपयेवाल्याचीसुद्धा.

दुसरी गोष्ट जलशाची. तमाशात आधी गण असतो, त्यात गणपतीला नमन. मग गवळण, मग बतावणी, मग वग. हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखी माणसं जलसे घेऊन गावोगाव निघाली तेव्हा त्यांनी ढोलकी तीच ठेवली, फड तोच ठेवला, पण यादीला हात घातला. गणातला गणपती गेला, तिथे बाबासाहेब आले. गवळणीतली राधेची छेडछाड गेली. पहिल्या नंबरावर कोण, यावरून खाली बसलेल्या माणसाला कळायचं की हा फड कोणाचा आहे. शब्द नंतर ऐकू आले तरी चालतील. नमन कोणाला घातलंय ते आधी ऐकू येतं.

हे डोक्यात ठेवून आता १ फेब्रुवारी २००८ कडे या.

त्या दिवशी आयर्न मेडन मुंबईत पहिल्यांदा वाजवणार होते. वांद्रे-कुर्ला संकुलात, मिठी नदीच्या अंगाला. आदल्या वर्षी, मार्च २००७ मध्ये, बंगळूरला येऊन गेले होते. पण ही मुंबई. आणि त्यांच्या नव्या जगदौऱ्याचा हा पहिलाच कार्यक्रम. बँड, कामगार आणि १२ टन सामान एकाच बोइंग ७५७ विमानात भरलेलं. विमान चालवायला खुद्द गायक ब्रूस डिकिन्सन. तो खरोखरचा वैमानिक आहे. दौऱ्याची कल्पना अशी की १९८० च्या दशकातली गाणी घ्यायची, तेव्हाच्या स्टेजची सजावट पुन्हा उभी करायची.

त्या रात्री १६ गाणी झाली. 'एसेस हाय', 'टू मिनिट्स टू मिडनाईट', 'रेव्हेलेशन्स', 'द ट्रूपर', 'वेस्टेड इयर्स', 'द नंबर ऑफ द बीस्ट', 'कॅन आय प्ले विथ मॅडनेस', 'राईम ऑफ द एन्शंट मरीनर', 'पॉवरस्लेव्ह', 'हेवन कॅन वेट', 'रन टू द हिल्स', 'फिअर ऑफ द डार्क', मग बँडच्याच नावाचं 'आयर्न मेडन'. थोडा वेळ अंधार. मग 'मूनचाइल्ड', 'द क्लेअरव्हॉयंट' आणि शेवटी 'हॅलोड बी दाय नेम'. यातली १४ गाणी १९८२ ते १९८८ या सात वर्षांतली. एक १९८० चं, एक १९९२ चं.

यादी म्हणून ही यादी आमच्यासाठी न्यायाचीच होती. इंग्लंड-अमेरिकेतल्या पोरांनी ही गाणी निघाली तेव्हाच समोर उभं राहून ऐकली. आम्ही वीस वर्षं कॅसेटच्या फितीवर. त्यांना जुनं ऐकून कंटाळा येणं शक्य आहे. ज्याने एकदाही जेवण चाखलं नाही त्याला शिळं कसलं आणि ताजं कसलं? आणि 'राईम ऑफ द एन्शंट मरीनर'! तेरा मिनिटांच्या वरचं गाणं, कोलरिजच्या १७९८ च्या कवितेवरून बांधलेलं. १९८६-८७ च्या दौऱ्यानंतर त्यांनी ते स्टेजवर वाजवलंच नव्हतं. दौऱ्याचा पहिला कार्यक्रम मुंबईत, म्हंजे वीस वर्षांनी ते गाणं जगात सगळ्यात आधी आमच्या कानावर पडलं. मधल्या भागात सगळी वाद्यं खाली बसतात, नुसतं जहाजाचं लाकूड करकरतं. त्या वेळी मैदानातला माणूस न माणूस गप झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी आपल्याला आधी मिळालं होतं, मागून उरलेलं नव्हे.

पण गण?

गणात चर्चिल होता.

'एसेस हाय' हे गाणं १९८४ चं, 'पॉवरस्लेव्ह' आल्बममधलं. १९४० साली जर्मन विमानांशी लढणाऱ्या ब्रिटिश वैमानिकांचं. कार्यक्रमाची सुरुवात या गाण्याने झाली की आधी अंधारात चर्चिलचं भाषण लावायचं, ही त्यांची १९८४ पासूनची रीत. ४ जून १९४० ला ब्रिटिश पार्लमेंटमध्ये केलेलं, डंकर्कहून सैन्य परत आणल्यावरचं, कुठेकुठे लढू ते सांगणारं भाषण. मुंबईतही तेच लागलं. भोंग्यातून म्हाताऱ्याचा घोगरा आवाज आणि खालून हजारो गळ्यांची आरोळी. कारण सगळ्यांना माहीत होतं, हा आवाज संपला की गिटारी फुटणार.

मीही ओरडलो. 'एसेस हाय'ला ओरडलो आणि पुन्हा ओरडेन. गाणं भन्नाट आहे. पण त्याआधीचं ते मिनिटभर मी गप होतो.

हॅरिस पूर्व लंडनचा, १९५६ चा जन्म. पूर्व लंडनवर जर्मन बाँब पडले, गोदीतल्या कामगारांची घरं गेली. त्या गल्लीत वाढलेल्या पोराला चर्चिलचा आवाज म्हंजे आपण वाचलो त्याची आठवण वाटत असेल तर त्याला मी नावं ठेवणार नाही. हिटलरशी लढायला पाहिजे होतं यातही वाद नाही. बाबासाहेबांनीही नाझींच्या पराभवाची बाजू घेतली होती. १९४१ साली महार बटालियन उभी राहिली ती याच युद्धात. तेव्हा गाण्याशी माझं भांडण नाही.

भांडण जागेशी आहे. हाच चर्चिल पंतप्रधान असताना १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि वीस ते तीस लाख माणसं मेली. ती कुठली माणसं होती? भूमिहीन शेतमजूर, मच्छीमार, होड्या चालवणारे. गावगाड्याच्या तळाची. आपल्यासारखीच. या देशाला स्वराज्य द्यायला आयुष्यभर विरोध करणारा हा माणूस. त्याचा आवाज त्याच देशात कार्यक्रमाच्या पहिल्या नंबरावर, जिथे जलशात नमन असतं तिथे. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. मुद्दाम केलं असतं तर निदान आम्ही डोक्यात आहोत असं तरी झालं असतं. विचारच केला नाही. यादी लंडनला ठरली आणि विमानातून उतरली. जिथे उतरली त्या जमिनीवर काय घडून गेलंय हे कोणी पाहिलं नाही.

आणि हे त्या रात्रीपुरतं राहिलं नाही. या दौऱ्यावर 'फ्लाइट ६६६' नावाचा माहितीपट २००९ साली निघाला. त्याच्या ध्वनिमुद्रिकेत प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं घेतलंय. पहिलं मुंबईचं. म्हंजे चर्चिलचं भाषण आणि 'एसेस हाय'. जगभरच्या चाहत्यांनी मुंबईचा आवाज ऐकला तो असा, चर्चिलच्या पाठोपाठ आरोळी ठोकताना. आमचा आवाज कायमचा तिथे जडवला गेला.

चौथ्या नंबरावरचं 'द ट्रूपर' याहून अवघड. ते १९८३ चं. त्यामागे टेनिसनची कविता, आणि कवितेमागे क्रिमियाच्या युद्धातली बालाक्लाव्हाची लढाई. २५ ऑक्टोबर १८५४. हुकूम नीट पोचला नाही आणि सुमारे ६७० घोडेस्वार सरळ रशियन तोफांच्या तोंडी गेले. गाणं एका स्वाराच्या तोंडचं आहे. तो घोड्यावरून पडतो आणि एकटा मरतो, कोणी बघत नाही, कोणी रडत नाही. गाणं युद्धाच्या बाजूचं नाहीच. आणि या गाण्याला डिकिन्सन काय करतो? लाल कोट घालतो आणि युनियन जॅक फडकावतो. ही त्याची वर्षानुवर्षांची रीत. शब्द मेलेल्या शिपायाचे, झेंडा त्याला मारायला पाठवणाऱ्यांचा.

गंमत अशी की त्या घोडदळाचे कोट लाल नव्हतेच. लाइट ब्रिगेडच्या स्वारांचे कोट निळे होते. लाल कोट पायदळाचा. आणि पायदळाचा लाल कोट आपल्याकडे कोणी घातला होता ते या मासिकाच्या वाचकाला मी सांगायला नको. १ जानेवारी १८१८, कोरेगाव. तिथल्या स्तंभावर मेलेल्या शिपायांची नावं कोरलीत, त्यात शेवटी 'नाक' लागलेली नावं वाचायला आपण दरवर्षी जातो. माझ्या आज्याचा आजा पलटणीत होता असं घरात सांगतात. कागद नाही, फोटो नाही, नुसतं सांगणं आहे.

म्हणून लाल कोट म्हंजे गुलामी असं एका वाक्यात बोलून मला मोकळं होता येत नाही. शहाणी माणसं तसं बोलतात. त्यांच्या पणज्याला गावात विहीर होती. आमच्या माणसाच्या हातात त्या कोटाने बंदूक दिली, पोराला पलटणीची शाळा दिली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार झाले ते त्याच वाटेने. आणि १८९० च्या दशकात त्याच सरकारने महारांची भरती बंद केली. वापरलं आणि गेटबाहेर काढलं. बदली कामगारासारखं.

'ट्रूपर' लागलं की माझ्या डोक्यात हे सगळं एकदम येतं. लाल कोटाबद्दल अभिमान येतो, राग पण येतो. शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोराला यातलं काही येत नसणार. त्याला फक्त घोड्याच्या टापांसारखा धावणारा बेस ऐकू येतो. तो त्याच्या जागी बरोबर आहे. पण एकच गाणं दोन माणसांना इतकं वेगवेगळं ऐकू येतं, हे यादी करणाऱ्याला माहीत असलं पाहिजे.

आता 'रन टू द हिल्स' बघा. १९८२ चं. अमेरिकेतल्या मूळच्या माणसांच्या कत्तलीवर. सुरुवातीला जमीन गेलेला क्री माणूस बोलतो, नंतर मारणारा गोरा शिपाई बोलतो. इंग्रज पोरांनी लिहिलेलं गाणं, पण आवाज आधी मार खाणाऱ्याला दिलाय. चाल इतकी उडती की लोक नाचतात. नाचू देत. हे गाणं मुंबईत अकराव्या नंबरावर होतं. 'पॉवरस्लेव्ह' नवव्या. स्वतःला देव समजणारा फॅरो मरायला टेकलाय आणि विचारतोय, मी देव आहे तर मला मरण कसं. आणि शेवटी 'हॅलोड बी दाय नेम', फाशीच्या कोठडीतला माणूस, पाद्री येऊन मंत्र म्हणतोय आणि घड्याळ पुढे सरकतंय. म्हंजे मालमसाला यांच्याकडे आहे. खालच्या माणसाच्या तोंडची गाणी आहेत, देवाला सवाल करणारी आहेत. फक्त गणात कोणाला बसवायचं हा प्रश्न होता.

यादी बदलत का नाहीत, याला त्यांच्याकडे उत्तर आहे. प्रत्येक गाण्याला मागचा रंगवलेला पडदा वेगळा. दिवे, आग, एडी नावाच्या त्यांच्या राक्षसाची एन्ट्री, सगळं गाण्याला बांधलेलं. एक गाणं हलवलं की पन्नास कामगारांचं काम हलतं. हे खरं आहे, आणि कामगाराचं काम मी हलकं समजणार नाही. म्हणून मुंबईत जी यादी तीच सिडनीत, तीच बोगोटात, तीच टोरांटोत. मेटालिका हा दुसरा बँड बघा. २०२३ पासूनच्या दौऱ्यात ते एका शहरात दोन रात्री वाजवतात आणि दुसऱ्या रात्री पहिल्या रात्रीचं एकही गाणं घेत नाहीत. तेव्हा करायचं ठरवलं तर होतं. पण चर्चिलचं भाषण गाळायला तर पडदाही बदलावा लागत नाही. एक बटण न दाबणं एवढंच काम.

दुसरं भांडण जुनं विरुद्ध नवं. हे चाहत्यांचं आपापसातलं. २००६ साली 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' हा आल्बम आला, आणि त्या दौऱ्यात मेडननी तो अख्खा, दहाच्या दहा गाणी, ओळीने वाजवला. जुनी फक्त पाच. लोक चिडले. पैसे भरलेत, ओळखीचं गा. इथे मी बँडच्या बाजूने आहे. पन्नाशीला आलेल्या माणसांना तुम्ही पंचविशीतच बांधून ठेवणार? आपल्याकडेही हेच चालतं. कवीने एकदा 'जळजळीत' लिहिलं की मरेपर्यंत त्याने तेच वाचायचं. त्याने दुसरं काही काढलं की खालून ओरडा, ती जुनी म्हणा. त्याने नवं काय सोसलं, नवा काय विचार केला, त्याच्याशी कोणाला देणंघेणं नाही.

पण जुनं मागण्यातही सगळे सारखे नाहीत. 'अलेक्झांडर द ग्रेट' हे १९८६ चं गाणं. चाहत्यांनी किती वर्षं मागितलं! एकदाही स्टेजवर आलं नाही. ३७ वर्षं गेटबाहेर बदली. २०२३ च्या मे महिन्यात, स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानाला दौरा सुरू झाला तेव्हा पहिल्यांदा वाजलं. त्याच यादीतून 'नंबर ऑफ द बीस्ट', 'रन टू द हिल्स', 'हॅलोड' ही हुकमी गाणी गाळली होती. ही यादी मला फार आवडली. ज्यांना रोज काम मिळत होतं त्यांनी एक दिवस खाडा केला आणि बदलीवाला आत आला. मोठ्या बँडला असा धीर झाला पाहिजे. 'हॅलोड' तर २०१७ साली कोर्टकज्जामुळेही यादीबाहेर गेलं होतं. त्यातल्या काही ओळी सत्तरच्या दशकातल्या बेकेट नावाच्या बँडच्या गाण्यातून आल्या असा दावा होता. तडजोड झाली, गाणं परत आलं. आभाळ कोसळलं नाही.

मग आली २०२५ ची यादी. बँडची पन्नाशी. यात १९९२ नंतरचं एकही गाणं नाही. सुरुवातीला १९८१ च्या 'किलर्स' आल्बममधली लागोपाठ तीन. ती मूळ गायली होती पॉल डि'आनोने. तो २१ ऑक्टोबर २०२४ ला वारला. कारण काही असो, त्या तीन गाण्यांनी गण केला तेव्हा ऐकणाऱ्याला तो नमनच वाटला. मोठा झाल्यावर ज्याला मागे सोडलं त्याला आता पहिल्या नंबरावर आणून बसवलं. इथे मला काही गप राहावं लागलं नाही. 'एसेस हाय' त्या यादीत खाली, शेवटच्या तीन गाण्यांत गेलं. म्हंजे गणातली जागा बदलता येते. ती लोखंडात ओतलेली नाही.

तर माझी चिठ्ठी. ते मुंबईत पुन्हा आले तर.

पहिला नंबर 'रन टू द हिल्स'. जमीन गेलेल्या माणसाने सुरुवात करावी. मग 'ट्रूपर', लाल कोट घालायचा तर घाला, झेंडा आत ठेवा. गाण्यातल्या मेलेल्या स्वाराला झेंड्याची गरज नाही. 'राईम ऑफ द एन्शंट मरीनर' पाहिजेच, त्यावर आमचा पहिला हक्क आहे. 'अलेक्झांडर द ग्रेट' घ्या. त्याची फौज बियास नदीपाशी अडून बसली, पुढे हिंदुस्थानात यायला नाही म्हणाली, ते त्या गाण्यात आहे. राजाला नाही म्हणणाऱ्या शिपायांचं गाणं हिंदुस्थानातच वाजलं नाही तर कुठे वाजणार? एक नवं, २०२१ च्या 'सेंजुत्सु'मधलं 'हेल ऑन अर्थ'. लांब आहे, चालेल, आम्ही रात्रभर बसून मुकाबले ऐकलेली माणसं आहोत. मग 'एसेस हाय', मधे कुठेही, भाषणाशिवाय. गाणं त्या भाषणावर उभं नाही, काढून बघा. शेवट 'हॅलोड'. तो बदलू नका.

हार्मोनियमखाली सारली तर सारू देत. पण आधी माइकवर वाचा.